या पानगळीला घर सजवलं, सगळं माळ्यावरच्या अडगळीतून

गेला महिनाभर आमच्या हॉलमध्ये नीट पाय ठेवायला जागा नव्हती. माळ्यावरचं सगळं सामान मी खाली उतरवून ठेवलं होतं, जुने स्वेटर, रिकाम्या बरण्या, काच तडकलेल्या फोटोफ्रेम, विरलेल्या चादरी, दांडी तुटलेली एक टोपली, आणि घरातले सगळे त्यातून वाट काढत ये-जा करत होते. बाहेर झाडं पिवळी पडायला लागली की मला दरवर्षी असं होतं, घरात काहीतरी बदल करावासा वाटतो, कुशन बदलावीत, दिवे बदलावेत, ती बाहेरची ऊब जरा आत आणावी असं वाटतं. आणि दरवर्षी मी फोनवर सजावटीचे फोटो बघत बसते, चार वस्तू कार्टमध्ये टाकते, टोटल बघते आणि फोन बाजूला ठेवून देते. यंदा ठरवलं की सजवायचं तर नक्की, पण विकत काही आणायचं नाही. म्हणजे ग्लिसरीनची बाटली आणि पांढरा गम आणला तेवढाच, बाकी जे करायचं ते घरातल्या अडगळीतून आणि झाडाखाली पडलेल्यातून.

आणि ते इतकं छान झालंय की सगळं नीट लिहून ठेवावंसं वाटलं, कुठे काय चुकलं तेही, म्हणजे कोणाला करायचं असेल तर माझ्यासारखा एक आठवडा फुकट जायला नको.

आता सगळ्यात आधी काय केलं तर घर रिकामं केलं. हॉलमधलं शोकेस, टीव्हीखालचं युनिट, खिडकीची कड, कॉर्नरचं स्टूल, सगळ्यावरचं सगळं काढून जमिनीवर चादर पसरून तिच्यावर ठेवलं. मग त्या ढिगाकडे वस्तू म्हणून न बघता नुसते रंग म्हणून बघितलं. निळं एकीकडे, पांढरं एकीकडे, गुलाबी-जांभळं एकीकडे, आणि तपकिरी, मातकट, मोहरी, विटकरी, केशरी असं जे जे असेल ते एकीकडे. मला वाटलं होतं की या शेवटच्या ढिगात फार काही निघणार नाही, तर तोच सगळ्यात मोठा निघाला! जुनी पुस्तकं ज्यांचे कागद पिवळे पडलेत, लाकडी ट्रे, वेताची टोपली, एक काळवंडलेलं तांब्याचं भांडं, चामड्याचा जुना पट्टा, सुतळीचं बंडल, बाटल्यांची बुचं. हे सगळं घरातच होतं, वर्षभर डोळ्यासमोर होतं, फक्त त्याच्या आजूबाजूला बाकीच्या रंगांची इतकी गर्दी होती की दिसत नव्हतं.

पानांचंही अगदी असंच असतं आणि मला ते वाचल्यापासून फार आवडतं. पिवळा आणि केशरी रंग पानात नव्याने येतच नाही, तो आधीपासून पानात असतोच, कॅरोटिनॉइड म्हणतात त्याला, गाजराला जो रंग देतो त्याच घराण्यातला. पण हरितद्रव्य इतकं जास्त असतं की तो झाकला जातो. दिवस लहान व्हायला लागले, गारवा आला की झाड नवीन हरितद्रव्य बनवणं बंद करतं, असलेलं मोडतं, त्यातलं कामाचं, नायट्रोजन वगैरे, परत आत ओढून घेतं आणि मग खालचा पिवळा वर दिसायला लागतो. लालचं तेवढं वेगळं आहे, तो बहुतेक झाडांत याच दिवसांत नव्याने तयार होतो, पानात अडकून राहिलेल्या साखरेपासून, त्याला अँथोसायनिन म्हणतात, म्हणून तर दिवसा लख्ख ऊन आणि रात्री छान गारवा, पण बर्फ पडण्याइतका नाही, असं हवामान मिळालं की लाल रंग जास्त खुलतो. हा फरक लक्षात ठेवा, पुढे पानं टिकवताना याचा उपयोग होणार आहे.

तर निळं, पांढरं, गुलाबी सगळं खोक्यात भरून माळ्यावर गेलं. म्हणजे माळ्यावरचं खाली आणि खालचं माळ्यावर. नुसतं एवढं केल्यावर, एकही नवी गोष्ट न करता, खोली निम्मी बदलली होती. तुम्हाला बाकी काही करायला वेळ नसेल ना, तरी एक सुट्टीची दुपार काढून एवढं तरी करून बघा.

मग उजेड. माझ्या मते सजावटीत सगळ्यात जास्त फरक उजेडाने पडतो आणि सगळ्यात कमी लक्ष त्याच्याकडे जातं. आमच्या हॉलमध्ये तो पांढरा फटक बल्ब होता, खोक्यावर बघितलं तर ६५०० केल्विन लिहिलेलं, केल्विन म्हणजे उजेडाच्या रंगाचं माप, आकडा जितका मोठा तितका उजेड पांढरा-निळसर. त्या उजेडात तपकिरी रंग मेल्यासारखा दिसतो, विटकरी तर मळकाच. बेडरूमच्या टेबललॅम्पमध्ये पिवळसर, २७०० केल्विनचा होता. हॉलमधला पांढरा बल्ब बंदच ठेवला, झालं काम. आणि लॅम्प उचलून हॉलच्या कोपऱ्यात एका बुटक्या स्टुलावर ठेवला, कारण वरून पडणारा उजेड सगळीकडे सपाट पडतो आणि खालून, बाजूने येणारा उजेड वस्तूंच्या सावल्या पाडतो, वेताची टोपली, स्वेटरची वीण, झाडाची साल हे सगळं त्या सावल्यांमुळेच तर उठून दिसतं. एक मात्र करू नका, लॅम्पवर ओढणी वगैरे टाकून उजेड मऊ करायला जाऊ नका, बल्ब तापतो आणि कापड पेटू शकतं.

दिवसाच्या उजेडाचंही बघितलं. या दिवसांत सूर्य दुपारीसुद्धा बराच खाली असतो ना, त्यामुळे ऊन खोलीत उन्हाळ्यापेक्षा जास्त आतपर्यंत येतं. उत्तर गोलार्धात २२-२३ सप्टेंबरला आणि दक्षिणेत २०-२१ मार्चला दिवस-रात्र जवळपास सारखे होतात, त्यानंतर हा तिरपा उजेड रोज थोडा थोडा वाढत जातो. मी एक अख्खा रविवार नुसतं बघत होते की किती वाजता ऊन कुठे पडतं. चार वाजता ते बरोब्बर खिडकीसमोरच्या कपाटावर येतं, तर तिथे सगळ्या काचेच्या बरण्या लावल्या आणि तांब्याचं भांडं घासून त्यांच्या मागे ठेवलं. अर्धा तास तो कोपरा नुसता पेटल्यासारखा दिसतो. रोज दिसतो, तरी रोज मी हातातलं काम सोडून बघते.

आता पानं. इथे मी जरा सविस्तर लिहिणार आहे कारण चूकही इथेच झाली. पहिल्या दिवशी लेकीला घेऊन गेले आणि आम्ही पिशवीभर पानं गोळा करून आणली, रात्री दंव पडलेलं होतं, पानं ओलसर होती, पण रंग इतके सुंदर की धीर धरवेना. आल्या आल्या एका मोठ्या बरणीत भरली, झाकण लावलं आणि कपाटावर ठेवली. दोन दिवस काय सुंदर दिसली! पाचव्या दिवशी आतून काचेवर घाम आणि पानांवर पांढरी बुरशी. सगळी फेकावी लागली आणि लेक रडवेली झाली, तिने एकेक निवडून आणली होती ना. तर पहिला नियम, पानं दुपारी गोळा करा, कोरडी असताना, आणि तरीही घरी आणून पेपरवर एक रात्र पसरून ठेवा. झाकणबंद बरणीत ताजी पानं कधीच नाही.

दुसऱ्या खेपेला मी पानं टिकवायच्या तीन पद्धती करून बघितल्या.

सगळ्यात सोपी ती लहानपणी सगळ्यांनी केलेली, रद्दीत दाबून ठेवायची. गुळगुळीत कागदाचं मासिक घेऊ नका, तो कागद ओल शोषत नाही, साधा वर्तमानपत्राचा कागद घ्या, दोन पानं एकमेकांना चिकटणार नाहीत अशी मांडा, वर पुन्हा कागद, आणि त्यावर जाडजूड पुस्तकांचा ढीग. पहिले काही दिवस दोन दिवसाआड कागद बदला, हे लोक करत नाहीत आणि मग पानं काळी पडतात. दहा ते पंधरा दिवसांत पान कडक, सपाट होतं. रंग छान राहतो पण पान ठिसूळ होतं, म्हणजे चिकटवायच्या, फ्रेम करायच्या कामाला उत्तम, लटकवायच्या कामाला नाही.

घाई असेल तर इस्त्री. दोन बटर पेपरच्या मधे पान ठेवायचं, खाली-वर एकेक जुना रुमाल, मध्यम गरम इस्त्री, वाफ पूर्ण बंद, आणि ती फिरवायची नाही, पाच-सात सेकंद दाबून उचलायची, परत दाबायची. आधी एका पानावर करून बघा कारण काही पानं उष्णतेने लगेच तपकिरी होतात.

आणि तिसरी, माझी लाडकी, ग्लिसरीनची. एक भाग ग्लिसरीन, दोन भाग पाणी. पसरट ट्रेमध्ये हे मिश्रण ओतायचं, पानं त्यात बुडवायची आणि वर येऊ नयेत म्हणून एक ताटली पालथी ठेवायची. चार-पाच दिवसांनी काढून हलक्या हाताने पुसली की पान मऊ राहतं, चामड्यासारखं, हातात घेऊन वाकवलं तरी मोडत नाही. पानातलं पाणी उडून जातं पण ग्लिसरीन उडत नाही, ते आत राहतं, म्हणून हा मऊपणा. रंग थोडा गडद होतो ते मान्य करायचं. अख्खी फांदीसुद्धा करता येते, देठ खालून चिरून कोमट मिश्रणाच्या बाटलीत दोन-तीन आठवडे उभी ठेवायची, पण त्यासाठी पानं अजून हिरवी, नुकती बदलायला लागलेली हवीत. मी पूर्ण पिवळी झालेली, नुकतीच पडलेली फांदी उभी ठेवली होती आणि आठ दिवसांत तिने घोटभर पाणीसुद्धा ओढलं नाही. मग कळलं, पान गळायच्या आधी झाड देठाच्या मुळाशी बुचासारखा थर धरतं आणि वाट बंद करून टाकतं, मग ते पाणी ओढणार कुठून! पिवळ्या झालेल्या पानांना बुडवणंच बरं.

आणि तो लाल-पिवळ्याचा फरक. लाल पानांचा रंग पाण्यात विरघळणारा असतो, उन्हातही लवकर उडतो, म्हणून लाल पानं ग्लिसरीनमध्ये काळपट झाली, दाबलेली मात्र बरी राहिली. पिवळी दोन्हीकडे टिकली. आता कपाटावर खिडकीजवळ पिवळी पानं आहेत आणि लाल सगळी आतल्या भिंतीवर, जिथे थेट ऊन येत नाही.

आतल्या भिंतीवर म्हणजे फ्रेममध्ये. माळ्यावर तीन जुन्या फ्रेम निघाल्या, त्यातल्या एकीची काच तडकलेली. ती काच जाड कागदात गुंडाळून, वर काच आहे असं लिहून टाकून दिली. उरलेल्या दोन सारख्या मापाच्या होत्या, तर दोघींच्या काचा एकाच चौकटीत घातल्या, मधे एकच मोठं लाल पान, मागचा पुठ्ठा काढून टाकला. पांढऱ्या भिंतीवर लावली तर पानाची सावली मागे भिंतीवर पडते, पान हवेत तरंगल्यासारखं दिसतं. अनेक पानं भरू नका, मी आधी सात घातली होती, दाटी झाली, एकच ठेवलं तेव्हा शिरा दिसायला लागल्या. उरलेल्या दोन रिकाम्या चौकटी आहेत, त्यांचं काय करायचं अजून ठरलं नाहीये.

बरण्यांचं थोडक्यात सांगते. लेबल निघत नसतील तर कोमट पाण्यात सोडा घालून तासभर बुडवून ठेवा, कागद निघतो, मागे तो चिकट थर राहतो त्यावर तेल आणि खायचा सोडा समसमान कालवून लावा, वीस मिनिटांनी घासा, अगदी लख्ख होते. मग बाहेरून पातळ केलेला पांढरा गम ब्रशने लावायचा, दाबलेलं पान बसवायचं, कडा बोटाने दाबायच्या, वरून परत गमचा एक हात. वाळला की पारदर्शक होतो. आत सेलवरच्या छोट्या दिव्यांची माळ टाकली की पानाच्या शिरांमधून उजेड येतो. मेणबत्ती नको, वाळकं पान आहे ते, मला असल्या बाबतीत धोका पत्करायला आवडत नाही.

आता ज्या वस्तूवर माझा सगळ्यात जास्त जीव बसलाय ती. बाबांचा एक मोहरी रंगाचा, पुढे बटणं असलेला लोकरीचा स्वेटर होता, कोपरांवर झिजलेला, पाठीवर कसरीने खाल्लेली चार-पाच भोकं. आईने तो वर्षानुवर्षं ठेवून दिला होता, घालण्यासारखा नाही आणि टाकवत नाही. मी फोन केला, "आई, तो बाबांचा पिवळा स्वेटर मी कापू का गं?" ती जरा गप्प झाली, मग म्हणाली, "काप. पण बटणं टाकू नकोस हं, ती मी लावलीत."

बटणं टाकायचा प्रश्नच नव्हता कारण सगळी युक्तीच त्या बटणांत होती.

आधी स्वेटर पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे फ्रीझरमध्ये ठेवला, कसरीची अंडी असतील तर त्या गारठ्यात मरतात, नाहीतर घरातल्या बाकी लोकरीत शिरली असती. मग बटणं लावून, मशीनमध्ये गरम पाण्यात दोनदा धुतला. शुद्ध लोकर गरम पाण्यात घुसळली की तिचे तंतू एकमेकांत अडकत जातात, स्वेटर आटतो आणि नमद्यासारखा घट्ट होतो, एरवी आपण याच गोष्टीला घाबरून लोकर गार पाण्यात धुतो ना, तर इथे मुद्दाम करायचं. फायदा असा की मग तो कात्रीने कापला तरी उसवत नाही. पण लेबल नक्की बघा, अॅक्रिलिकचा स्वेटर कितीही उकळलात तरी असा आटत नाही, तो कापायचा असेल तर कापण्याच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना आधी मशीनवर झिगझॅग टीप मारून घ्या आणि मगच कात्री लावा, नाहीतर टाके धावत सुटतात आणि हातात नुसता दोरा राहतो.

वाळल्यावर स्वेटर टेबलावर सपाट पसरला. कुशन चाळीस सेंटिमीटरचं होतं, तेवढाच चौकोन पेपरचा कापला, शिलाईसाठी जास्तीचा कपडा मुद्दाम सोडला नाही, कारण कुशनचा अभ्रा जरा घट्ट झाला तरच ते गुबगुबीत दिसतं. तो कागद स्वेटरच्या छातीवर असा ठेवला की बटणपट्टी बरोबर मधोमध यावी, टाचण्या लावल्या आणि पुढचा-मागचा दोन्ही थर एकदम कापले. पहिली कात्री लावताना हात थांबला होता माझा, खोटं कशाला सांगू. मग बटणं उघडली, दोन्ही तुकडे सुलट बाजू आत करून जोडले, चारही बाजूंनी टीप मारली आणि बटणांच्या उघड्या फटीतून सगळं उलटवून सुलटं केलं. चेन लावायची गरज नाही, कुशन आत घालायचं आणि बटणं लावायची. झाला अभ्रा. पाठीवरची भोकं होती तिथे दुसऱ्या विटकरी स्वेटरच्या तुकड्यातून पानाच्या आकाराचे ठिगळ कापले आणि जाड दोऱ्याने लावले, मधे एक शीर, बाजूला दोन-तीन छोट्या शिरा, एवढंच भरतकाम. भोकं होती म्हणून पानं आली, भोकं नसती तर मला सुचलंही नसतं.

बाह्या उरल्या होत्या. एक बाही उंच बाटलीवर चढवली, मनगटाची ती ताणली जाणारी पट्टी बाटलीच्या गळ्याशी अगदी फिट बसते, खालची कड आत दुमडून दोन टाके घातले. त्यात वाळक्या गवताचे तुरे ठेवलेत. दुसरी बाही कोपरावर फारच झिजलेली आहे, ती ठेवून दिलीय.

गेल्या रविवारी आई-बाबा आले होते. बाबा येऊन सोफ्यावर बसले, कुशन पाठीशी घेतलं, पेपर वाचायला लागले. बऱ्याच वेळाने मागे हात गेला, बटण हाताला लागलं असेल, काढून बघितलं आणि म्हणाले, "अगं, हा माझा ना?" आईने नुसती मान हलवली. मग जेवायला बसेपर्यंत ते कुशन त्यांच्या मांडीवरच होतं.

चादरींचंही सांगते. जुनी सुती चादर नेहमी मधे विरते, कडेचं कापड मात्र धड असतं, तर मधला भाग पुसायच्या फडक्यांना आणि कडेचे लांब पट्टे टेबलावर घालायला. पांढऱ्या पट्ट्यांना रंग दिला तो कांद्याच्या सालींनी. दोन महिने साली एका कागदी पिशवीत साठवत होते, घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवलं होतं. सुती कापड नुसतं सालीच्या पाण्यात टाकलं तर रंग धरतो पण धुण्यात उतरतो. म्हणून आधी कापड साबणाने धुवून चहाच्या चोथ्याच्या कडक पाण्यात रात्रभर, मग तुरटीच्या कोमट पाण्यात काही तास, शंभर ग्रॅम कापडाला साधारण पंधरा ग्रॅम तुरटी. चहातलं टॅनिन सुती धाग्याला धरतं आणि तुरटी त्याला धरते आणि रंग तुरटीला, अशी साखळी आहे ती. लोकरीला मात्र नुसती तुरटी पुरते. मग साली तासभर उकळून गाळून घ्यायच्या, ओलं कापड त्यात घालून मंद आचेवर तासभर आणि त्याच पाण्यात रात्रभर गार होऊ द्यायचं. भांडं वेगळं घ्या, ज्यात स्वयंपाक करता ते नको.

सकाळी काढलं तेव्हा जो केशरी-सोनेरी रंग आला होता तो मी कुठल्या दुकानात बघितलेला नाही. एका पट्ट्याला सुतळीने ठिकठिकाणी आवळून बांधलं होतं, तिथे फिकट कडी उमटली. उरलेल्या पाण्यात गंजलेले दोन खिळे टाकून ठेवले आणि दुसऱ्या दिवशी शेवटचा पट्टा त्यात बुडवला, लोखंडाने तो रंग काळसर, शेवाळी झाला, वाळक्या पानाच्या मागच्या बाजूसारखा. हे दोन पट्टे शेजारी-शेजारी टेबलावर टाकलेत, वर लाकडी ट्रे, ट्रेमध्ये पाइनकोन, म्हणजे पाइनच्या झाडाची ती लाकडासारखी, खवल्याखवल्यांची फळं.

पाइनकोनचं एवढंच, ते घरात आणायच्या आधी आत किडे असतात ते घालवायला हवेत. ओव्हनमध्ये नव्वद-शंभर अंशावर अर्धा तास, खाली फॉइल, कारण चीक वितळून गळतो, आणि तिथून हलायचं नाही, लक्ष ठेवायचं. मिटलेले असतील ते उष्णतेने उघडतात. ओलसर हवेत परत मिटतात, प्रत्येक खवल्याचे दोन थर असतात आणि बाहेरचा थर ओलीने जास्त फुगतो म्हणून. लेक रोज सकाळी उठून आधी ट्रे बघते आणि मग मला सांगते की आज हवा कोरडी आहे का ओली आहे. पाऊस पडला त्या दिवशी अर्धे मिटले होते, खरंच.

पुस्तकांबद्दल एक मत आहे ते मांडते. फोटोंत हल्ली पुस्तकं उलटी लावतात, पाठ भिंतीकडे आणि कागदांची पिवळट कड बाहेर, म्हणजे सगळं एका रंगाचं दिसतं. मला ते अजिबात आवडत नाही, हवं ते पुस्तक सापडायला हवं ना. मी फक्त तपकिरी, विटकरी, हिरव्या पाठीची पुस्तकं एका कप्प्यात आणली, काही उभी, काही आडवी, आणि आडव्यांवर एकेक बरणी.

गोळा करण्याबद्दलही, झाडावरून तोडायचं काही नाही, पडलेलंच घ्यायचं, ते पुष्कळ असतं. आणि राखीव जंगल, उद्यान असेल तर पडलेलं उचलायलाही बंदी असू शकते, आधी पाटी वाचा. सगळं उचलून आणू नका, त्या पाचोळ्याखाली किडे, गांडुळं, पाखरांचं खाणं असतं. घरातली पानं चुरली की मी कंपोस्टच्या डब्यात टाकते, ओल्या कचऱ्याबरोबर सुकी पानं लागतातच. गमचा हात दिलेली मात्र त्यात नाही जात.

आता एकच काम राहिलंय. वादळात पडलेली एक मोठी निष्पर्ण फांदी आणलीय, छान वेडीवाकडी, साडेचार-पाच फूट असेल. तिला जड बुडाच्या कुंडीत दगड भरून उभी करायची, ग्लिसरीनची पिवळी पानं दोऱ्याने एकेक लटकवायची आणि लॅम्पच्या बाजूला ठेवायची असं डोक्यात आहे, म्हणजे सावल्या भिंतीवर पडतील. पण फांदीच्या सालीत मुंग्या होत्या, म्हणून बाहेर बाल्कनीत उभी करून ठेवलीय. दोन दिवस झाले. उद्या सकाळी परत झटकून बघते, आणि नसतील तर आत घेते.